हनुक्का आणि नाताळ एकाच हॉलमध्ये: बेळगावात आम्ही कसं जमवतो

निपाणीच्या पाळकबाईंचा गेल्या महिन्यात फोन आला. "सिस्टर, तुमी ज्यू लोकांबरोबर भक्ती करतासा न्हवं, ते कसं करायचं तेवढं लिहून द्या की." छत्तीस वर्षं वॉर्डात ड्युटीचे तक्ते लिहिले, त्यामुळे लिहून देणं मला नवं नाही. त्यांना पाठवलं तेच इथे जरा नीट करून देते.

आधी माझा संबंध सांगते. नर्सिंगला पुण्यात असताना माझी खोलीतली जोडीदारीण रेवदंड्याकडची बेने इस्राएल होती, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. मी इथल्या कॅम्पातल्या मेथडिस्ट ख्रिस्ती घरातली, ती शनिवारी तेलाचा दिवासुद्धा न पेटवणाऱ्या घरातली. तिच्या आज्याला गावात 'शनवार तेली' म्हणायचे, कारण घाणा शनिवारी बंद. शनिवारी तिची ड्युटी मी करायची, रविवारी माझी ती. तेवढ्यावर पन्नास वर्षांची मैत्री झाली. बेळगावात त्यांची मंडळी नाही, म्हणून हनुक्काला, त्यांच्या दिव्यांच्या सणाला, ती पुण्याहून आपली माणसं घेऊन येते. दोनदा झालं, २०२४ आणि २०२५ ला. यंदा तिसरी खेप.

पहिल्याच बैठकीत काय घोटाळा झाला बघा. मैत्रिणीच्या जाऊबाई फोनच्या स्पीकरवर म्हणाल्या, "आमच्या मशिदीतली अकरा माणसं येतील." आमच्या कमिटीतले एक काका दचकलेच. "मुसलमान पण येणार काय ओ? आधी सांगायचं न्हाई?" बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनागृहाला पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणत आले. मुंबईची त्यांची पहिली मशीद १७९६ सालची, सॅम्युएल इझेकिएल दिवेकर या सुभेदाराने बांधलेली. टिपूच्या कैदेतून सुटून आला म्हणून केलेला नवस, असं ती मंडळी सांगतात. मशीद बंदर स्टेशनाचं नावही तिच्यावरून पडलं म्हणतात. काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग मुसलमान आले असते तरी काय बिघडलं असतं, चहा वाढवला असता." काका तसे बरे आहेत. पण तुम्ही पहिल्या बैठकीतच शब्दांची खात्री करून घ्या. आपण 'भक्ती', 'मंडळी', 'संदेश' म्हणतो तेही त्यांना सांगावं लागतं.

आता काम. सुरुवात तारखेपासून करा, हॉलपासून नको. हनुक्का त्यांच्या किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या रात्री सुरू होतो आणि आठ रात्री चालतो. महिने चंद्राचे, त्यात आपल्या अधिक मासासारखा एक जादा महिना एकोणीस वर्षांत सात वेळा घालतात, म्हणून इंग्रजी तारीख पुढेमागे होते. आपल्या दिवाळीसारखीच अमावास्या त्या आठवड्यात येते. २०२४ ला पहिली रात्र बरोबर २५ डिसेंबरला आली, २०२५ ला १४ डिसेंबरला. यंदा २०२६ ला ४ डिसेंबरला, शुक्रवारी. आपल्याला हवा रविवार. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, त्यात प्रवास नाही, चूल नाही. म्हणून ती मंडळी शनिवारी रात्री शब्बाथ सोडून स्वारगेटला येतात, अकराची बस धरतात आणि पहाटे बेळगावात उतरतात. रविवारी रात्री परत. यंदा ६ डिसेंबर, म्हणजे त्यांची तिसरी रात्र आणि आमच्या आगमनकाळाचा, नाताळाआधीच्या चार रविवारांतला, दुसरा रविवार. त्या दिवशी महापरिनिर्वाण दिनही असतो, गाड्यांना गर्दी होते, म्हणून तिकिटं आत्ताच काढायला लावलीत.

बेळगावकरांना डिसेंबरची आणखी एक अडचण. सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज मिळत नाही, पोलीस बंदोबस्तात, आणि अधिवेशन सुरू व्हायच्या दिवशी सीमावादापायी कोल्हापूरकडची एसटी कुठे थांबेल ते देवाला ठाऊक. २०२४ ला तर काँग्रेसच्या १९२४ च्या अधिवेशनाची शताब्दी होती. गावभर रोषणाई, खोली मिळेना. पाहुणे घरोघरी वाटून टाकले, तेच बरं झालं. आमची भक्ती २९ तारखेला, आणि २६ ला मनमोहन सिंग गेले, राष्ट्रीय दुखवटा लागला. बाहेरचा स्पीकर काढला, सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहिलो. असं काहीही होऊ शकतं. कार्यक्रमपत्रिका छापताना खाली चार ओळी कोऱ्या ठेवा.

जागा चर्चच्या आत घेऊ नका. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दुसऱ्याच्या वेदीपुढे प्रार्थनेला उभं राहणं चालत नाही. ते अपमान करत नाहीत, त्यांचा नियम आहे. चर्चचा हॉल घ्या. आमच्या हॉलच्या एका भिंतीवर मोठा लाकडी क्रूस आहे. तरुणांपैकी कोणीतरी म्हणालं, त्या दिवसापुरता चादर टाकू या. मी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "झाकू नकोस गं बाई, मला लाज वाटेल. खुर्च्याच फिरव." खुर्च्या फिरवल्या, खिडक्यांकडे तोंड करून. काम झालं.

पोलीस स्टेशनला पत्र कन्नडमध्ये द्या, महिनाभर आधी, आणि पोच घ्या. फलक लावणार असाल तर वर कन्नड, खाली मराठी. फक्त मराठी फलक लावून आपल्याच भक्तीला वादाचा विषय करू नका, एवढं सीमाभागात राहून शिकलोय. कन्नड मजकूर मात्र कन्नड घरातल्या माणसाकडून तपासून घ्या. पहिल्या वर्षी आमच्या छापखान्याने 'प्रार्थने'त असा काही काना-मात्रा घातला की शेजारचे हिरेमठ सर तासभर हसत होते. आणि वेळ-ठिकाण असलेलं पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरवू नका. २००८ साली मुंबईत नरिमन हाऊसवर, तिथल्या ज्यू केंद्रावर, हल्ला झाला तो ती मंडळी विसरलेली नाहीत. आम्ही निमंत्रण तोंडी देतो, घरी जाऊन.

आता खरं काम, भक्तीचा कागद. यात सगळ्यात जास्त वेळ घालवा.

माझा नियम असा: एकत्र तेवढंच म्हणायचं जे दोघांचं आधीपासून आहे. बाकी ज्याचं त्याने करायचं, दुसऱ्याने मान देऊन बसायचं. पहिल्या वर्षी आमच्या गायकवृंदातली मुलं उत्साहात होती, दोन्हींचं मिळून एक नवीन गाणं करू म्हणाली. मी नको म्हटलं. दोन औषधं एका बाटलीत ओतली की तिसरं औषध होत नाही, दोन्ही वाया जातात.

दोघांचं काय आहे? पवित्र शास्त्रातली स्तोत्रं. तीही मराठीत. यामागे जुनी गोष्ट आहे. मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत आले आणि १८३२ ला त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, ते बेने इस्राएल मुलांसाठीसुद्धा. मिशनच्या शाळांत ती मुलं हिब्रू शिकली, मराठी पवित्र शास्त्र वाचू लागली, आणि बहुतेक सगळी आपल्याच धर्मात राहिली. पुढे १८७४ ला पुण्यात त्यांची वल्हांडण सणाची पोथी मराठी अर्थासह निघाली. म्हणजे भाषा एकच. पण शिकवणाऱ्याला बाटवायचं होतं ही आठवणही त्याच भाषेत आहे. म्हणून एकत्र प्रार्थनेच्या शेवटी "येशूच्या नावाने" म्हणायचं नाही. आमच्या पाळकसाहेबांना हे जड गेलं, सवयच ती. मी त्यांच्या कागदावर लाल पेनाने शेवटचा शब्द लिहून दिला: आमेन. तो दोघांचा. हालेलुयाही दोघांचा.

देवाचं नाव 'यहोवा' किंवा 'याव्हे' असं उच्चारू नका. ते नाव ती मंडळी तोंडातून काढत नाहीत. 'परमेश्वर' म्हणा. आमच्या कॅथलिक शेजारणीने आठवण करून दिली की व्हॅटिकननेही २००८ साली भक्तीत ते नाव वापरू नये असं कळवलं होतं. म्हणजे कॅथलिकांच्या गाण्यांचा प्रश्न आधीच सुटलेला. आणि ज्यूंच्या शास्त्राला समोरासमोर 'जुना करार' म्हणू नका. आपल्या आईला कोणी 'जुनी आई' म्हटलं तर कसं वाटेल?

हनुक्काचं म्हणून तिसावं स्तोत्र घ्या, मंदिराच्या प्रतिष्ठापनेचं. ते आलटून पालटून वाचायचं ठरलं: एक वचन आम्ही, एक त्यांनी. पाळकसाहेब म्हणाले, "वचन पाचवं." आमचे लोक रात्रीच्या रडण्याचं आणि सकाळच्या आनंदाचं वचन म्हणू लागले, आणि समोरचे भलतंच. सगळे थांबले. पुन्हा सुरू, पुन्हा गोंधळ. मी तर घाबरले की यांचं शास्त्रच वेगळं निघालं. मैत्रिणीचे दीर उठून आले, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि बोटाने दाखवलं. हिब्रूत स्तोत्राचा मथळा हेच पहिलं वचन धरतात. आपल्याकडे मथळा वर, आकडा नंतर. त्यामुळे आपली बारा वचनं, त्यांची तेरा, आणि आपलं पाचवं ते त्यांचं सहावं. तेव्हापासून आम्ही पुस्तकं आणूच देत नाही. एकच मजकूर, मोठ्या अक्षरात, आकडे न घालता, 'डावी बाजू' आणि 'उजवी बाजू' एवढंच लिहून झेरॉक्स काढतो. सत्तर वर्षांच्या डोळ्यांना वाचता येईल एवढं अक्षर घ्या.

गंमत म्हणजे हनुक्काची गोष्ट, मक्काबी भावांची आणि अँटायोकस राजाने विटाळलेलं यरुशलेमेचं मंदिर पुन्हा शुद्ध केल्याची, ना त्यांच्या शास्त्रात आहे ना आम्हा प्रोटेस्टंटांच्या. ती कॅथलिकांच्या बायबलमध्ये आहे. तेवढ्यासाठी तरी एखादं कॅथलिक घर बरोबर घ्या. आमच्याकडे ते वाचन शेजारणीच करतात आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे.

दिव्यांचं आता. हनुक्किया, म्हणजे त्यांचा नऊ दिव्यांचा दिवा, बसमधून आणायला अवघड. मैत्रीण म्हणाली, "पणत्या चालतात, नेम पाळला म्हणजे झालं." खानापूरच्या कुंभाराकडून नऊ पणत्या आणल्या. नवी पणती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सावलीत सुकवा, नाहीतर तेल तीच पिते. आठ पणत्या एका सरळ फळीवर, एका ओळीत, एका उंचीला. नववी, शम्मास म्हणतात ती, उलट्या वाटीवर, जरा उंच. बाकीच्या हिच्याने पेटवायच्या. जितकी रात्र तितक्या पणत्या, उजवीकडून भरायच्या आणि पेटवताना डावीकडून, म्हणजे नवी आधी. पेटवणार तेच, आपण हात लावायचा नाही. तेल कमीत कमी अर्धा तास पुरेल इतकं घाला, आमच्या वातीला दोन मोठे चमचे पुरतात. पंखे बंद. आगमनकाळाच्या आमच्या मेणबत्त्या वेगळ्या टेबलावर, वेगळ्या काडीने. २०२५ ला २१ डिसेंबर म्हणजे त्यांची आठवी रात्र आणि आमचा चौथा रविवार, दोन्ही टेबलं भरलेली. फार देखणं दिसलं, ते खरंच.

यात आम्ही दोन चुका केल्या. पहिल्या वर्षी एका मुलाने वातावरणनिर्मिती म्हणून ट्यूबलाईट घालवल्या आणि स्तोत्राचे कागद वाटले. लोक कागद घेऊन पणत्यांकडे सरकले. नेमकं तेच करायचं नसतं. त्या दिव्यांचा उजेड कामाला लावायचा नाही, नुसता बघायचा. म्हणून तर नववी पणती असते. ट्यूबलाईट चालूच ठेवा. दुसऱ्या वर्षी आमच्या चर्चचे चौकीदारमामा. प्रार्थना संपली, लोक चहाकडे वळले, आणि मामांनी काटकसरीने एकेक पणती फुंकरीने विझवायला घेतली. तीन गेल्या तेव्हा मैत्रिणीचं लक्ष गेलं. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी ओळखते. यंदा मामांची खुर्ची पणत्यांशेजारीच ठेवणार आहे, राखणीला. राखण दिली की मामा कोणाला जवळ येऊ देत नाहीत.

वेळ: डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. साडेसहाला सुरू करा. आधी त्यांचे दिवे आणि दोन आशीर्वाद (पहिल्या रात्री तीन असतात), मग त्यांचं हनुक्काचं गाणं, 'माओज त्सूर'. नंतर एकत्र स्तोत्रं, मक्काबींचं वाचन, आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना. शेवटी आमची नाताळची गाणी. ती पूर्ण म्हणा, ख्रिस्ताच्या नावासकट. पाहुण्यांना पाणी घातलेलं दूध देऊ नका. पण हा भाग शेवटी ठेवा आणि आधी सांगून टाका, म्हणजे ज्याला नको तो उठू शकतो. पहिल्या वर्षी दोघे व्हरांड्यात जाऊन बसले. आमच्या एक काकू त्यांना बोलवायला धावल्या, त्यांना मी पदराला धरून थांबवलं. संदेश, म्हणजे प्रवचन, ठेवू नका. पाळकांना वाईट वाटतं, वाटू दे. अर्पणाची थैलीही फिरवू नका.

डोक्याचं एक राहिलं. त्यांचे पुरुष डोकं झाकून प्रार्थना करतात. आमच्याकडे करिंथकरांना लिहिलेल्या पत्रामुळे पुरुषांनी टोपी काढायची. त्यांनी प्रेमाने टोप्यांचा पुडा आणला आणि आमचे एक वडील अडून बसले. ज्याचा नेम त्याने पाळावा, एवढं सांगून मी पुडा कपाटात ठेवला. चंदगडहून आलेले एक आजोबा मात्र गांधी टोपीतच होते, त्यामुळे ते दोन्हीकडचे वाटत होते. बायकांचा प्रश्नच नाही. पदर दोन्हीकडे डोक्यावर.

खाणं शाकाहारी, सगळं. मांस आलं की त्यांचे कापण्याचे नियम येतात, दूध आणि मांस वेगळं ठेवण्याचे येतात, ते आपल्याला जमणार नाही. जेलीत जिलेटिन असतं, ती नको. द्राक्षारसही नको. ती मंडळी काळ्या मनुका भिजवून शरबत करतात, ते स्वतः आणतात. दोन पातेली, एक परात आणि एक कढई नवी घेतली आणि 'हनुक्का' असं रंगाने लिहून चर्चच्या कपाटात टाकली. ताटल्या पोफळीच्या विरीच्या. तळण हवंच, मंदिरातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं त्या चमत्काराचा सण आहे. करंज्या आमच्या नाताळच्या फराळात असतातच, त्या शेंगतेलात तळा.

मलिदा मात्र त्यांच्या हातचा. एलियाहू हनबी, म्हणजे आपला एलीया संदेष्टा, त्याच्या नावाने करतात. साठ माणसांना दोन किलो जाडे पोहे धुऊन निथळायचे, सहा नारळांचं खोबरं, किलोभर साखर, वेलदोडे, जायफळ, बदाम-बेदाणे. पोहे आम्ही धुतले आणि जास्त भिजवले, लगदा झाला. मैत्रिणीने परातीत बोट घातलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू अजून तशीच आहेस." धुवा आणि लगेच चाळणीत काढा, एवढंच. वर पाच फळं. प्रत्येक फळाचा आशीर्वाद वेगळा, आणि केळं त्यांच्यात झाडाचं नव्हे, जमिनीचं फळ धरतात. आणि आग्रह करू नका. बेळगावच्या माणसाला हे फार अवघड, माहीत आहे. दुकानचा कुंदा समोर ठेवला. मैत्रिणीने दोन वाट्या खाल्ला, तिच्या दिरांनी हात जोडले. "थोडा तरी घ्या की" असं तीनदा झाल्यावर मी कुंदाच उचलून आत नेला.

निरोपाच्या वेळी ती मंडळी 'हातबोशी' करतात. एकाने दोन्ही हात पुढे करायचे, दुसऱ्याने ते आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे, आणि प्रत्येकाने आपली बोटं आपल्याच ओठांना लावायची. कॅथलिक शेजारीण लगेच म्हणाल्या, हे आमच्या शांतीच्या चिन्हासारखंच. आमचे मेथडिस्ट लोक आधी नुसते हात हलवत उभे होते. मग लहान मुलांनी रांग लावली, आणि चहा थंड झाला.

इस्रायलच्या बातम्यांवर कोणी तोंड उघडलं तर त्याला चहा वाटायला लावा. "तुमच्या देशात सध्या..." असं एका साहेबांनी सुरू केलं होतं. मैत्रिणीचे दीर शांतपणे म्हणाले, "आमचं गाव अलिबाग तालुक्यात."

एक गोष्ट मला दोन वर्षं जमलेली नाही. मैत्रिणीचे यजमान २०२३ ला गेले. तिला वाटत होतं, स्तोत्रांनंतर त्यांच्यासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती प्रार्थना, व्हावी. त्याला त्यांचे दहा पुरुष लागतात. पहिल्या वर्षी आलेल्या अकरांत पुरुष सहाच होते. आमचे काका, तेच मशिदीवाले, पुढे होऊन म्हणाले, "आमचे चार उभे राहतील की ओ, गावासाठी काय बी करू." तिने त्यांना हात जोडले आणि मान हलवली. दहा नाहीत तर नाहीत, त्यात तडजोड नसते. तेविसावं स्तोत्र म्हटलं आणि बसलो. दुसऱ्या वर्षी नऊ झाले. नऊ म्हणजे सहापेक्षा वाईट.

म्हणून यंदा मी पाहुण्यांची यादी पुरुषांपासून सुरू केली. पुण्याचे सात आणि ठाण्याचे दोन पक्के आहेत. दहावा तिचा नातू, त्याला ऑक्टोबरात तेरा पूर्ण होतात, म्हणजे तो मोजणीत येतो. सोमवारी ७ तारखेला त्याची गणिताची चाचणी आहे असं तो म्हणतो. त्याच्या शाळेचं वेळापत्रक मी मागवलं आहे.